फ्लॅपमध्ये दुसऱ्याची कातडी लावत नाहीत! तो मेसेज थांबवा प्लीज

आपल्या परळच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरतंय की चेहऱ्यावरची गाठ काढली की डॉक्टर 'फ्लॅप' म्हणून दुसऱ्याची कातडी चिकटवतात, मग ती सडते, म्हणून ऑपरेशन करूच नका. हे चुकीचं आहे. माझ्या मावशीच्या नाकावरचा स्किन कॅन्सर, बेसल सेल वाला, काढला तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, फ्लॅप म्हणजे जखमेच्या शेजारचीच आपली स्वतःची कातडी, एका बाजूने जोडलेली ठेवून सरकवतात किंवा फिरवतात, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा चालू राहतो. पूर्ण सुटी करून लावतात तो ग्राफ्ट, आणि तोही बहुतेक वेळा आपलाच असतो. आणि हे काही नवीन फॅड नाही हो, १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याकडे कपाळाच्या कातडीने नाक बनवल्याची हकीकत छापून आली होती!

सूज, थोडा निळसरपणा सुरुवातीला येऊ शकतो. फ्लॅप काळा पडायला लागला, पू आला तर लगेच डॉक्टरकडे जायचं, आणि सिगरेट तंबाखू बंद, त्याने रक्त कमी पोचतं. पण भीतीने अशी कॅन्सरची गाठ तशीच ठेवली तर ती आत पसरत जाते, मग जखम अजून मोठी होते. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी डिलीट करा आणि हा पाठवा.