निपाणीच्या वखारीतल्या बायकांची नावं कोण लिहिणार?

थोडं मोठं लिहितेय, पण सगळं वाचा. आणि घरात कोणी वखारीत किंवा विडीच्या कामाला गेलेलं असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या निपाणीत 6 एप्रिलचा विषय निघाला की जुन्या माणसांचा आवाज आजही बदलतो. 1981 साली तंबाखूला दर मिळावा म्हणून शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हायवे अडवला, तीन आठवड्यांच्या वर तिथंच ठाण मांडून बसले, आणि 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात 12 जण गेले. त्या आंदोलनाचे पुढारी शरद जोशी, प्रा. सुभाष जोशी ही नावं आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहेत आणि ती असायलाच पाहिजेत, त्या आंदोलनाबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे.

पण त्याच वर्षांत, त्याच गावात, त्याच तंबाखूच्या धंद्यात दुसरी एक चळवळ पण उभी राहिली होती. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या, दिवसभर त्या धुरळ्यात बसणाऱ्या बायकांची. मजुरी वाढवून द्या, आमच्याशी नीट बोला, अंगाला हात लावायचा नाही, हे त्या मालकाच्या तोंडावर सांगायला लागल्या, युनियन केली, रस्त्यावर आल्या. युगांतर नावाच्या, फिल्म करणाऱ्या स्त्रीवादी गटानं 1982 साली त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात त्या स्वतः बोलतात. म्हणजे बाहेरनं आलेल्या माणसांना हे टिपून ठेवावं वाटलं. आम्ही गावातली माणसं मात्र चाळीस वर्षं गप्प.

आम्ही कॉलेजची काही पोरं-पोरी सध्या या बायकांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं लिहून घेतोय. कुणी सर्टिफिकेट देणार म्हणून नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांची शाळा विडीच्या पैशावर झालीय. माझी स्वतःची स्कॉलरशिप आईच्या विडी कार्डावर, म्हणजे विडी कामगाराच्या ओळखपत्रावर यायची. विडी कामगारांच्या वेल्फेअर फंडाचा कायदा 1976 चा, पण कायदा दिल्लीत होतो आणि कार्ड निपाणीत हातात पडायला पाहिजे, आणि मधलं एवढं सगळं अंतर ज्यांनी चालून काढलं त्यांची नावं मला माहिती नसावीत हे मला सहन होत नाही.

एक गोष्ट ऐकता ऐकता लक्षात आली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याच्या तंबाखूला काय दर द्यायचा ते व्यापारी ठरवायचा, आणि वखारीतल्या बाईला काय मजुरी द्यायची तेही व्यापारीच ठरवायचा. शेतकऱ्याला सांगायचं माल हलका आहे, बाईला सांगायचं काम हलकं आहे. विडी वळणाऱ्या बाईचं तर अजून वेगळंच, ती हजार विड्या वळून सूप भरून नेणार आणि तिथं बसलेला माणूस मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत, आणि ती छाट तिला परत पण मिळणार नाही. कितीतरी घरात नवरा तंबाखू पिकवणारा आणि बायको वखारीत जाणारी, म्हणजे एकाच चुलीवरची दोन माणसं एकाच पेढीवर दोन दारांनी जाऊन हात पसरत होती. मग या दोन लढ्यांपैकी एकच लढा आपला इतिहास कसा काय झाला? शेतकऱ्याला आपण पोशिंदा म्हणतो, त्याच्यासाठी भाषणं होतात, आणि त्याच्याच घरातल्या बाईच्या मजुरीचा लढा म्हणजे बायकांची काहीतरी भांडणं. मला हे मान्य नाही.

दुसरं कारण सांगायला जरा अवघड आहे, पण आपल्या सीमाभागात राहून ते न बोलणं बरोबर नाही. आपल्याकडं आठवण ठेवायची म्हणजे सीमाप्रश्नाचीच. 1956 पासूनचा तो अन्याय मी पण मानते, 1 नोव्हेंबरला काळा दिवस आमच्या घरातही पाळतात, सुप्रीम कोर्टात 2004 पासून दावा पडून आहे त्याची वाट आम्हीही बघतोय. 17 जानेवारीला आपण सीमालढ्यातल्या 1956 च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो त्यात निपाणीच्या कमळाबाई मोहिते आहेत, म्हणजे बाईचं नाव लक्षात ठेवायला आपल्याला जमत नाही असं अजिबात नाही. पण वखारीत मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी अशा सगळ्या बायका एकाच रांगेत बसायच्या, एकत्रच खोकायच्या आणि मोर्चाला पण एकत्रच गेल्या. म्हणून त्या मराठीवाल्यांच्या इतिहासात बसत नाहीत आणि कन्नडवाल्यांच्याही नाही. दोन्हीकडच्या फ्लेक्सवर त्यांना जागा नाही. मला तर वाटतं सीमाभागाचा खरा अभिमान वाटावा असं काही असेल तर ते हेच आहे.

आणि जात. वखारीतल्या कितीतरी बायका दलित वस्तीतल्या. याच निपाणीत 1925 च्या एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेला आले होते. त्यांनी पेटवलेली जाणीव त्या वस्त्यांमध्ये मुरलेली होती, त्याशिवाय दिवसाच्या मजुरीवर जगणारी बाई काम बंद करून रस्त्यावर बसत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही जण विचारतात, आता उकरून काय उपयोग, विडीचा धंदाच बसत चाललाय, आणि तंबाखू वाईटच की. तंबाखू वाईट आहे, मान्य, त्या बायकांच्या छातीला विचारा ना किती वाईट आहे. पण धंदा बसतो तेव्हा पहिला मार कामगारावर बसतो. 2017 ला जीएसटी आला, विडीवर 28 टक्के लागला आणि वेल्फेअर फंडासाठी विडीवर घेतला जाणारा जुना कर, म्हणजे सेस, बंद झाला, ज्यातनं दवाखाने आणि पोरांच्या स्कॉलरशिपी चालायच्या. आता त्या बजेटच्या पैशावर आहेत, म्हणजे सरकारच्या मर्जीवर. आज घरी बसून विडी वळणारी बाई एकटी पडलीय, पीएफच्या कागदावर नाव एक, आधारवर दुसरं, ऑफिसात फॉर्म कन्नडमध्ये, आणि ती हेलपाटे घालतेय. पूर्वी आपल्यासारख्याच बायकांनी एकत्र येऊन पैसे वाढवून घेतले होते हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. ते सांगायला हवं, म्हणून उकरायचं.

आम्ही लिहिताना दोन गोष्टी ठरवल्यात. जिची गोष्ट तिला आधी वाचून दाखवायची, ती म्हणाली हे काढ तर काढायचं, मग ते कितीही भारी का असेना. आणि नाव छापायचं की नाही हे तिनंच ठरवायचं, कारण काहींच्या पोरांची दुकानं आजही त्याच व्यापाऱ्यांच्या उधारीवर चालतात. पण ज्या आक्का म्हणतील नाव घाल, त्यांचं पूर्ण नाव, माहेरच्या गावासकट, पहिल्या ओळीत. पुढाऱ्यांचं नंतर.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल, कुठूनही वाचत असाल आणि घरात जुन्या ट्रंकेत युनियनची पावती, बिल्ला, मोर्चाचा फोटो, विडी कार्ड, काहीही असेल तर टाकू नका. आम्हाला मेसेज करा, आम्ही घरी येऊन मोबाईलवर फोटो काढून घेतो, वस्तू तुमच्याकडंच राहील. आणि आई, मावशी, आज्जी बोलायला तयार असेल तर लवकर कळवा, संध्याकाळी पाचनंतर किंवा रविवारी कधीही येऊ.