पाच फूट आणि ७८५ मिलिमीटर

आमच्या घरात मोटारसायकल घ्यायचं ठरलं, तेव्हा ती कुणासाठी घ्यायची हा मुद्दा पहिल्या संध्याकाळीच मागे पडला. नोकरी मला लागली होती. साताऱ्यातल्या मंगळवार तळ्यापासून एमआयडीसीपर्यंत रोज मला जायचं होतं. हप्ता माझ्या पगारातून जाणार होता. तरी पप्पांनी काकांना फोन लावून सांगितलं, "आपण एक गाडी बघतोय." त्या 'आपण'मध्ये पुढच्या दिवसांत इतकी माणसं येऊन बसली, की पोलिसांनी अडवलं असतं तर ट्रिपल सीटच्या दंडावर भागलं नसतं.

आईचं मत तयारच होतं. स्कूटी. आमच्याकडे बिनगिअरच्या कुठल्याही गाडीला स्कूटीच म्हणतात, कंपनी कोणतीही असो. "पुढं पिशवी राहते, डिकीत डबा बसतो, कपड्यांना ग्रीस लागत नाही." तिन्ही मुद्दे बिनतोड होते. मी चाकावर गेले. स्कूटरचं चाक दहा नाहीतर बारा इंची, साध्या मोटारसायकलचं सतरा-अठरा इंची. पावसाळ्यानंतर साताऱ्यात जे खड्डे उरतात त्यांत लहान चाक आत उतरतं आणि मोठं चाक वरून निघून जातं. हे मी वहीवर दोन गोल काढून समजावलं. आई म्हणाली, "मग खड्डा चुकवून चालव." खरं कारण वेगळंच होतं. मला गिअर टाकायचे होते. पण हे काही घरात सांगण्यासारखं कारण नव्हे.

पप्पांचा प्रश्न एकच होता. ॲव्हरेज किती? एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात गेली आणि घरी बजाजची जुनी एम-एटी. तिच्या पेट्रोलची वही अजून कपाटात आहे; तारीख, लिटर, किलोमीटर आणि शेवटच्या रकान्यात भागाकार. आकडा कमी आला की त्याला लाल पेनानं गोल आणि शेजारी कारण, 'सासुरवाडी, डबल सीट'. आता ते पोवई नाक्यावर अनोळखी माणसाच्या गाडीजवळ जाऊन "किती देती?" असं विचारायला लागले. तो माणूसही नाव-गाव न विचारता "पासष्ट" म्हणून मोकळा व्हायचा. एवढ्या ओळखीवर दोघं मग टपरीवर चहाला.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मला वाटलं, आता मुहूर्त लागला. पप्पांचं गणित निराळं होतं. "अठ्ठावीसचे अठरा झाले. म्हणजे थांबलं तर आठ पण होतील."

काकांना ॲव्हरेजशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्याकडे जुनी बुलेट आहे आणि मनात यामाहाची आरएक्स हंड्रेड. "शहाण्णव साली ती बंद झाली, तिथनं पुढं मोटारसायकल झालीच नाही." तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते, त्यामुळे दुःखात सहभागी होण्यापलीकडे काही करता आलं नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळलं पाहिजे, चहा ठेवता येतो, असं त्यांचं म्हणणं. मी भीत भीत स्प्लेंडरचं नाव काढलं. "सत्त्याण्णव सीसी? ती काय गाडी आहे का?" आणि आरएक्स? "अठ्ठ्याण्णव! शंभर सीसीला कमी लेखू नकोस, उडवायची नुसती!" त्या एका सीसीत काकांची सगळी जवानी बसली होती.

आत्याचा पोरगा पुण्याहून ड्यूक २०० घेऊन आला. त्याचं म्हणणं, दीडशेच्या खाली बघायचंच नाही, वर्षभरात कंटाळा येतो आणि मग पडेल भावात विकावी लागते. पहिली गाडी घेणाऱ्याला हे सगळेच सांगतात. पहिलीच्या वर्गात दाखल होताना 'दहावीचीच पुस्तकं घे, पुढं लागतातच' असं कुणी का सांगत नाही, कळत नाही. एक गोष्ट मात्र त्याची खरी होती. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लागला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. त्याखालच्या गाड्यांचं भागतं सीबीएसवर, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजीकडे होतं. "हळू चालवायची." तिची अटही एवढीच होती, ती आणि काळी गाडी नको.

मग शोरूम. मी आणि पप्पा. समोर माझ्याच वयाचा, पट्ट्याला चाव्यांचा जुडगा अडकवलेला मुलगा. मी विचारलं, "हिचं वजन किती?" तो पप्पांकडे बघून म्हणाला, "काका, वजनाचं टेन्शनच नाही." मी विचारलं, "सर्व्हिसिंग कितीला?" तो पप्पांना म्हणाला, "काका, पहिल्या फ्री आहेत." पप्पांनी विचारलं, "किती देते?" तेव्हा तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "मॅडमसाठी स्कूटर त्या बाजूला आहेत."

मी मुकाट्यानं समोरच्या दीडशेवर चढून बसले. चढले हाच शब्द बरोबर आहे. माझी उंची पाच फूट. केस वर बांधले तर थोडी जास्त. बसल्यावर लक्षात आलं, दोन्ही पाय हवेत आहेत. डावा हवेत, उजवा हवेत आणि पप्पा खाली किंमत विचारताहेत.

"सवय होते," मुलगा म्हणाला.

"म्हणजे? मी अजून वाढणार आहे का?"

नंतर कळलं की गाडी डबल स्टँडवर होती. डबल स्टँडवर मागचं चाक उचललेलं असतं, त्यामुळे सीट आहे त्यापेक्षा उंच होते आणि शॉकॲब्सॉर्बरही माणसाच्या वजनानं दबत नाहीत. स्टँड काढून बसलं की गाडी थोडी खाली येते. पण शोरूममध्ये गाड्या चकचकीत आणि ओळीत दिसायला हव्यात, खाली कुणाला टेकायचं असतं! मी स्टँड काढायला लावला. आता चवडे टेकले. जगात मिलिमीटर नावाची चीज आहे हे दहावीनंतर पहिल्यांदाच आठवलं.

त्या रात्री मी सीटच्या उंचीचा तक्ता केला. सगळं घर सीसी आणि लिटर मोजत होतं, तर मी जमिनीपासून सीटपर्यंतचं अंतर. स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर. हंटर ३५० ची ७९०, म्हणजे फरक बोटभरही नाही, मन लगेच तिकडे धावलं. पुढच्या रकान्यात वजन होतं १८१ किलो. स्प्लेंडरचं ११२. ॲव्हेंजर तर ७३७ वरच, पण तिचं हँडल एवढं लांब की वळवताना बाहेरच्या बाजूचा हात पाहुण्यांकडे पाठवल्यासारखा वाटायचा. शिवाय नुसत्या उंचीवर जाऊन भागत नाही. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तितकाच पाय आखूड होतो. सारख्या उंचीच्या दोन गाड्यांपैकी एकीवर टाच टेकते आणि दुसरीवर अंगठा, ते यामुळे. हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं, प्रत्येक गाडीवर बसूनच बघावं लागलं. गल्लीतली एकही उभी गाडी मी सोडली नाही. समोरच्या दूधवाल्यानं शेवटी "ताई, जायचंय कुठं?" असं विचारलंच.

दरम्यान शिकाऊ लायसन्स झालं. आधार जोडलेलं असलं की घरी बसून परीक्षा देता येते, मी जेवणानंतर मोबाइलवर दिली, मागून पप्पा "थांबा म्हणजे लाल, लाल!" असं सांगत होते. गाडीला लावायला पांढऱ्यावर लाल 'एल' आणला. हे लायसन्स सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्याची चाचणी देता येते. तोवर शिकवणाऱ्याशिवाय कुणाला मागं बसवायचं नाही. आईनं गुरुवारच्या मंडईचा बेत ठरवून टाकला होता. नियम वाचून दाखवल्यावर म्हणाली, "मग मी शिकवते की. तुला चालायला कुणी शिकवलं?"

शिकवायला मात्र तिघं होते, आणि इथंच खरा घोळ झाला. पप्पांच्या एम-एटीचे गिअर हातात, डावी मूठ फिरवायची. काकांच्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. आतेभावाच्या गाडीचा पहिला गिअर खाली, बाकीचे वर. आणि गल्लीतल्या एकांनी शिकायला दिलेल्या स्प्लेंडरचे चारही पुढून खाली दाबायचे. पोलीस परेड ग्राउंडच्या कडेच्या रस्त्यावर मी मधोमध गाडीवर, आणि तिन्ही बाजूंनी सूचना. "मनगट फिरव!" "उजवा दाब, उजवा!" "वर उचल, वर!" मी तिघांचंही ऐकलं. गाडीनं कुणाचंच ऐकलं नाही, ती बंद पडली. हाफ क्लच म्हणजे नेमकं काय हे तिघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं, तिघांनाही नुसतं करता येत होतं. शेवटी कडेला भेळेची गाडी लावणाऱ्या बाईंनी सांगितलं, "पोरी, क्लच एवढा सोड की गाडी जायला बघती पण जात न्हाई. तिथंच धर." तेवढ्यात जमलं. त्या स्वतः काय चालवतात, हे विचारायचं राहिलं.

सपाटीवर ठीक होतं. पण सातारा सपाट नाही. पोवई नाक्यावरून वरच्या रस्त्यानं राजवाड्याकडे निघालं की चढ, आणि चढावर पुढं रिक्षा थांबते. आता डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, डाव्या हातात क्लच, उजव्यात रेस, मागं एसटीचा हॉर्न. उंच माणसाला यात काही विशेष नाही. माझ्यासाठी सगळा खेळ डाव्या पायाखाली काय येतं यावर. रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता असतो, म्हणून डावीकडे थांबलं की जमीन खाली जाते आणि मला ती सापडेपर्यंत गाडी कलते. तेव्हापासून मी थांबायच्या जागा आधीच हेरून ठेवते. कुठं फुटपाथची कड आहे, कुठं डांबराचा उंचवटा आहे. नगरपालिकेनं रस्ता नीट केला तर माझे वांधे होतील.

शेवटी निवड केली मिस्त्रीनं. पप्पांच्या एम-एटीचा जुना डॉक्टर, अदालतवाड्याच्या बाजूला गॅरेज. सगळ्यांचं म्हणणं त्यानं हात पुसत पुसत ऐकून घेतलं. मग गॅरेजमधली एक स्प्लेंडर बाहेर काढली, पेट्रोलचा कॉक बंद केला, पहिला गिअर टाकला आणि गाडी सावकाश आडवी झोपवली. मला म्हणाला, "उचल."

पप्पा पुढं झाले. "तुम्ही नाही, तिनं. तुम्ही काय रोज हिच्या मागनं पळणार आहात?"

मी हँडल धरून ओढलं. जागची हलली नाही. "कमरेनं नको, पायानं," तो म्हणाला आणि दाखवलं. गाडीकडे पाठ करायची, बुड सीटला लावायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची दांडी आणि गुडघ्यांच्या जोरावर मागं मागं सरकत उभं राहायचं. गिअरमध्ये असल्यामुळे चाक पळत नाही. मी तसं केलं. आधी टायर कुरकुरला, मग आरसा डोळ्यांसमोर आला, आणि गाडी उभी राहिली. दुसऱ्या बाजूला पडू नये म्हणून मिस्त्रीनं एक बोट लावून ठेवलं होतं, तेवढंच. मग त्यानं काकांची बुलेट झोपवू का, असं विचारलं. काकांनी किल्ली खिशात टाकली.

"पहिली गाडी पडतीच," मिस्त्री म्हणाला. "जी उचलता येती ती घ्यायची."

एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीच्या चेनला लागला. आमच्या घरातली बैठक तिथंच संपली. गंमत म्हणजे कुणीच हरलं नाही. पप्पांना ॲव्हरेज मिळालं, काकांना जवळजवळ शंभर सीसी मिळाले. आतेभाऊ म्हणाला, "वर्षभरात विकशीलच, तेव्हा मला सांग." आजीला काळी नको होती, पण मिळाली ती काळीच, लाल पट्ट्यांची, आजीला फक्त लाल बाजू दाखवली. गाडी आणली त्या दिवशी चाकाखाली लिंबू, हँडलला झेंडूचा हार, गल्लीत कंदी पेढे. पप्पांनी त्याच रात्री नवी वही आखली. मिस्त्रीकडून मागचे शॉकॲब्सॉर्बर एक खाच सैल करून घेतले, तेवढीच जमीन जवळ आली.

तीस दिवस उलटल्यावर चाचणीला गेले. पप्पा गेटपाशी थांबले. ट्रॅकवर आठचा आकडा, साहेब खुर्चीवर, आमची रांग. साहेबांनी नियम सांगितला, "आठ पूर्ण होईपर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये. लागला की नापास."

एवढे दिवस मी ज्याच्यासाठी रस्त्यांचे उंचवटे पाठ केले, शॉकॲब्सॉर्बर सैल केले, दूधवाल्याला ताप दिला, ते इथं करायचंच नव्हतं. माझ्या पुढचा सहा फुटी मुलगा पहिल्याच वळणाला सवयीनं पाय टेकून बाद झाला. मी पहिला गिअर टाकला आणि भेळवाल्या बाईंनी सांगितलं तिथं क्लच धरला. पहिल्या वळणाला गाडी जरा जास्तच कलली. पाय टाकावासा वाटला, टाकलाही असता, पण त्या बाजूला जमीन एवढी लांब होती की पाय निघून पोहोचेपर्यंत वळण संपलं.

"बॅलन्स चांगला आहे हिचा," कागदावर सही करत साहेब म्हणाले.

पप्पा एव्हाना गेट सोडून आत आले होते. "ॲव्हरेज पण चांगलं आहे, साहेब."