अंजनेरीचं रान बघायचं तर सावकाश चाला

'पावसाळ्यात अंजनेरीला जा, धबधबे बघा' असं एका लेखात वाचलं आणि हे लिहिल्यावाचून राहवलं नाही. हा डोंगर नाशिकपासून जेमतेम २० किमी, त्यामुळे रविवारी जत्राच असते. आम्ही गेल्या सप्टेंबरात मुद्दाम बुधवारी गेलो. धबधबा सोडा, वाटेवर वाकून बघा! गवतात कंदीलपुष्प दिसलं, बोटाएवढं. यातलीच एक जात या डोंगराच्या नावाची आहे, शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका. आम्हाला दिसलेलं तेच होतं का, देव जाणे. गंमत म्हणजे फुलाच्या नळीत आतल्या बाजूला केस असतात. चिलट आत शिरतं ते अडकतं, मग केस कोमेजले की पराग घेऊन सुटतं. माझी सहावीतली भाची तिथून हलेचना.

२०१७ पासून अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र, म्हणजे सरकारने संरक्षण दिलेलं रान आहे, कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. तरी लोक स्पीकर घेऊन येतातच.

आणि एक. आमच्या कॉलनीमागच्या टेकडीवर 'वृक्षारोपण' म्हणून नुसती गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया, हे परदेशी झाड) झाडं लावलीत. त्याला आपल्याकडे उंदीरमारीही म्हणतात. शेजारी करवंद, हिरडा, उंबर ही इथलीच झाडं आपसूक उगवतायत, त्यांना काटेरी कुंपण तेवढं घाला की!