कडेचा ठिपका म्हणजे बिनकामाचा माणूस?

धाकट्या भावाच्या ऑफिसच्या ग्रुपवर परवा त्याच्या मॅनेजरने एक फॉरवर्ड टाकला. तोच मेसेज मला याआधी तिघांनी पाठवला होता आणि मी न वाचताच सोडून दिला होता. या वेळी सोबत त्यांच्या टीमचा नकाशा होता आणि भावाच्या ठिपक्याभोवती लाल गोल. रात्री साडेअकराला त्याचा फोन: "दादा, मी खरंच बिनकामाचा आहे का रे?" म्हणून हा खटाटोप.

मेसेज थोडक्यात असा: सोशल नेटवर्क अ‍ॅनालिसिस ईमेल आणि चॅटवरून ऑफिसचं खरं रूप दाखवतं. माणूस म्हणजे ठिपका, संपर्क म्हणजे रेघ. मधला ठिपका खरा लीडर, कडेचा ठिपका निव्वळ भार. कुणाला काही विचारायला नको, कारण डेटा खोटं बोलत नाही.

आधी तो कडेचा ठिपका. समजा, डिझाइनची सहा माणसं आपापसात बोलतात, सर्व्हिसची सहा आपापसात. दोन्हींना जोडणारा एकच माणूस, त्याची इकडे एक ओळख, तिकडे एक. रेघा मोजल्या तर दोनच, म्हणजे यादीत तळाला. पण इकडच्या कुणाचाही निरोप तिकडे पोचायचा तर वाट त्याच्यावरूनच. सहा गुणिले सहा, 36 जोड्या त्याच्या भरवशावर. समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनी ही मध्यस्थी मोजायचं माप 1977 मध्येच मांडलंय.

आता गंमत बघा. हाच नकाशा फक्त डिझाइन टीमपुरता काढा. सर्व्हिसकडची रेघ कापली जाते आणि तो माणूस एका रेघेला लोंबकळत कडेला जातो. माणूस तोच, कामही तेच, फक्त कागद छोटा. भावाचं नेमकं हेच झालंय. त्याचं निम्मं काम टीमबाहेरच्या लोकांशी, तेही फोनवर. फोनची रेघ ईमेलच्या नकाशात येणार कुठून?

अशा जोडणाऱ्या माणसांचं मोल काय, हे समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड बर्ट यांनी 2004 मध्ये एका लेखात दाखवलं. एका मोठ्या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत पुरवठा साखळी सांभाळणाऱ्या 673 मॅनेजरांचा त्यांनी अभ्यास केला. काम सुधारायला काय करता येईल, असं विचारून आलेल्या कल्पना वरिष्ठांकडून तपासून घेतल्या. एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या गटांमध्ये ज्यांचं येणंजाणं होतं, त्यांच्या कल्पना सरस ठरल्या. पगार आणि बढतीतही तेच लोक पुढे होते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने हा एक लेख चाळला असता तरी पुरे होतं.

मधला ठिपका लीडर? असेलही. किंवा ज्याच्या सहीशिवाय फाइल हलत नाही तो असेल. किंवा सीसीबहाद्दर. तेरा जणांच्या एका मेलवर प्रत्येकाने एकदा 'रिप्लाय ऑल' करून 'नोटेड, थँक्स' लिहिलं की प्रत्येकाची प्रत्येकाशी रेघ तयार, एकूण 78. काम शून्य.

विचारायची गरज नाही, हे तर उलटंच आहे. अडलं की कुणाकडे जाता, कुणाच्या सल्ल्याने काम सुटलं, हे मेलच्या मोजणीत दिसत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं, आणि उत्तरामुळे नोकरी जाणार नाही याची खात्री असेल तरच खरं उत्तर मिळतं.

एक मात्र कबूल करतो, नाइलाजाने. ऑफिसच्या अधिकृत तक्त्यात न दिसणारं बरंच काही या नकाशात दिसतं. कुठला गट तुटलाय, कुणावर सगळा बोजा पडलाय, हे शोधायला तो उत्तमच. पण तिथून पुढे चौकशी सुरू करायची असते. लाल गोल मारून ग्रुपवर टाकायचा नसतो.

शेवटी भावाला विचारलं, नकाशा कुठल्या काळातला आहे? म्हणाला, गेल्या चार आठवड्यांचा. त्यातले दोन आठवडे तो रजेवर होता. रजा मंजूर करणारा मॅनेजर तोच.