“कृष्णवर्णीय बायकांना सप्लिमेंट लागूच पडत नाहीत” म्हणे!

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय की अमेरिकेत सप्लिमेंट घेऊन प्रीमॅच्युअर डिलिव्हरी टळते ती फक्त गोऱ्या बायकांची, कृष्णवर्णीय बायकांच्या जीन्समध्येच लवकर बाळंत होणं असतं, मग गोळ्या देऊन काय उपयोग. वाचून जीव कळवळला, कारण हे पटलं तर एखादी बाई गोळ्या घेणंच सोडून देईल.

फरक आहे आणि मोठा आहे, ते कुणी नाकारत नाही. २०२२ मध्ये तिथे कृष्णवर्णीय आयांची १४.६ टक्के बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, गोऱ्या आयांची ९.४ टक्के.

पण जीन्स? १९९७ साली डेव्हिड आणि कॉलिन्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासल्या, तर आफ्रिकेत जन्मून तिथे आलेल्या आयांच्या बाळांची वजनं गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ निघाली, अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांची मात्र कमी. वजन वेगळं आणि दिवस भरणं वेगळं, मान्य, पण दोष रक्तातच असता तर थेट आफ्रिकेतून आलेल्यांमध्ये तो आधी दिसला असता ना?

आणि “लागू पडत नाही” म्हणजे नक्की काय लागू पडत नाही? व्हिटॅमिन सी आणि ई ने प्रीमॅच्युअर डिलिव्हरी कुणाचीच टळत नाही, रंग कुठलाही असो. ओमेगा-३ चं तसं नाही. २०२१ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका ट्रायलमध्ये सुमारे १,१०० गरोदर बायकांपैकी काहींना रोज २०० मिलिग्रॅम डीएचए (ओमेगा-३ चाच एक प्रकार) दिलं, काहींना १,०००, आणि ज्यांच्या रक्तात डीएचए मुळातच कमी होतं त्यांच्यात ३४ आठवड्यांच्या आतली बाळंतपणं २०० वाल्यांत ४.१ टक्के झाली तर १,००० वाल्यांत २ टक्के, म्हणजे जवळपास निम्मी! लेव्हल आधीच चांगली असलेल्यांना जास्त डोसचा फारसा फायदा दिसला नाही. बघायचं ते रक्तातलं डीएचए, कातडी नाही.

रंगाचा खरा संबंध येतो तो व्हिटॅमिन डी मध्ये, गडद त्वचेत तेवढ्याच उन्हात ते कमी तयार होतं. पण यावरून लेव्हल तपासायला हवी एवढंच निघतं, गोळी फुकट जाते असं नाही.

बाटली उलटी करून डीएचए किती मिलिग्रॅम आहे ते वाचा, गरोदरपणात घ्यायच्या बऱ्याच प्रीनेटल गोळ्यांत २०० च्या आसपास असतं किंवा नसतंच. आणि डोस मनाने वाढवू नका, डॉक्टरांना विचारा, कारण ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या ट्रायलमध्ये ज्यांचं ओमेगा-३ आधीच भरपूर होतं त्यांनी वरून आणखी घेतल्यावर लवकर बाळंत होण्याचा धोका उलट वाढलेला दिसला.