पोचला काय ओ मनोऱ्याला?

बेळगावकडच्या मराठी माणसाच्या चिकाटीवर कुणी शंका घेऊ नये. 1956 पासून आम्ही एका निकालाची वाट बघतोय. पण हाच माणूस स्टीफन किंगची ‘द डार्क टॉवर’ मालिका वाचायला घेतो आणि चौथ्या भागात मान टाकतो. माझ्या मते यात वाचकाचा दोष चार आणे, बाकीचा बारा आणे रचनेचा.

पहिला भाग (1982) सडपातळ. वाळवंट, पुढं काळ्या कपड्यांतला माणूस, मागं मनोऱ्याच्या शोधात निघालेला बंदूकवाला रोलंड. इकडं खानापूरच्या बाजूनं आलेला पाऊस हटत नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, आणि पुस्तकात प्यायला पाण्याचा थेंब नाही. जुलैत वाचायला याच्याइतकं झकास काही नाही. दुसऱ्यात (1987) सुरुवातीलाच समुद्रातून आलेला एक नांगीवाला प्राणी रोलंडच्या उजव्या हाताची दोन बोटं तोडतो. बंदूकवाल्याची बोटं! इथं वाचक पक्का अडकतो. तिसरा (1991) एका वेड्या आगगाडीत संपतो. तिची अट अशी की कोडी घाला, मला हरवा, नाहीतर सगळ्यांना घेऊन मरते. त्या काळच्या वाचकांना उत्तरासाठी 1997 उजाडावं लागलं.

चौथ्याच्या आरंभी गाडीचा निकाल लागतो, तोही पोरकट, फालतू कोड्यांनी. मग शेकोटी पेटते आणि रोलंड आपल्या चौदाव्या वर्षातली प्रेमकथा सांगायला बसतो. तिथं ती एक रात्र. आपल्याकडं मृग गेला, आर्द्रा गेल्या, पुनर्वसू लागलं, तरी तिकडं उजाडत नाही. तीन भाग ‘पुढं काय’ म्हणून पळवलेल्या माणसाला अचानक ‘मागं काय’ ऐकत बसवायचं, म्हणजे दम लागणारच. त्यात त्या पोरीचं काही बरं झालेलं नाही, हे रोलंडच्या तोंडाकडं बघूनच कळतं. गोची अशी की सुटी कादंबरी म्हणून हाच भाग सगळ्यांत सरस आहे.

बंद पडल्याची लक्षणं ओळखीची. पुस्तक उशाकडून टीपॉयवर जातं आणि तिथं पालथं पडतं. जाड पेपरबॅक पालथं ठेवलं की कण्याचा डिंक त्याच पानाला तडकतो. पुढं कधीही उघडा, तेच पान. खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट थर्मल कागदाचं, वर्षभरात त्यावरची कन्नड अक्षरं उडतात आणि आपण कधी थांबलो याचाही पुरावा उरत नाही. शेजारचे काका मात्र विसरत नाहीत. “काय ओ, पोचला काय तो मनोऱ्याला?” 

उपाय एकच, थांबायचंच असेल तर गाडीचा निकाल लागल्यावर थांबा, शेकोटी पेटल्यावर नको. मध्येच सोडलं की तीन पोरं, तीन गुंड, एक चेटकीण आणि एक गुलाबी काचेचा गोळा, यांत कोण कुणाच्या बाजूचं हे महिन्याभरात पुसून जातं आणि पुन्हा शेकोटीपासून सुरुवात.

पुढचा रस्ता सोपा आहे असंही नाही. 1999 च्या जूनमध्ये किंगला रस्त्यात व्हॅननं उडवलं. त्यानंतर त्यानं उरलेले तीन भाग लागोपाठ काढले: पाचवा 2003 मध्ये, सहावा-सातवा 2004 मध्ये. पाचव्यातला पाद्री त्याच्याच 1975 च्या एका कादंबरीतून आलेला, म्हणजे बसल्या जागी आणखी एक पुस्तक अंगावर. सहाव्यात खुद्द किंग पात्र म्हणून हजर. हे पटलं नाही म्हणून पुस्तक मिटणारेही खूप आहेत, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. 2004 मध्येच महाराष्ट्रानं सीमाप्रश्नी सुप्रीम कोर्टात दावा लावला. किंगचं त्याच साली संपलं.

चौथ्यात रुतलेल्यांना जाणकार मागाहून, 2012 मध्ये आलेला भाग सुचवतात. कथेत चौथ्या-पाचव्याच्या मधला, अंगानं लहान. त्यात वादळ येतं, मंडळी आडोशाला बसतात आणि रोलंड तरुणपणची गोष्ट सांगायला घेतो. त्या गोष्टीतला तरुण रोलंड एका पोराला आणखी एक गोष्ट सांगतो.