अनवाणी

पुण्यात जन्मलेल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द निघत नाहीत. पत्ता विचारणाऱ्याला आम्ही चुकीचा सांगू, पण ठामपणे सांगू. मी सदाशिव पेठेतला. घर, क्लास आणि कॉलेज एवढ्या त्रिकोणात माझी एकोणीस वर्षं गेली. पण हे होस्टेलवरच्या मित्रांना कशाला सांगायचं?

घटस्थापनेला तिघांनी फर्मान काढलं, रविवारी पुणं दाखव. एक लातूरची, एक चंद्रपूरचा, एक सावंतवाडीची. मी जरा 'सबमिशन आहे' वगैरे पुटपुटलो, तर चंद्रपूरकर म्हणाला, "काहून बे, तू इथलाच हायेस ना?" संपलं! हे असं विचारल्यावर पुणेकर आगीतसुद्धा उडी घेईल.

चौथी माळ. सुरुवात तांबड्या जोगेश्वरीपासून. ग्रामदेवता, तेव्हा पहिला मान तिचा. अप्पा बळवंत चौकापर्यंत मी छाती काढून चाललो, कारण दहावीपासून गाइडं घ्यायला तिथेच जातो. देवळाची गल्ली मात्र चुकली. फिरून पुन्हा त्याच पुस्तकाच्या दुकानापाशी आलो, तेव्हा लातूरकरणीने सहज विचारलं, "हे अप्पा बळवंत कोण होते रे?"

"पुस्तकांचे मोठे व्यापारी," मी म्हणालो.

तिने मोबाइल काढला. अप्पा बळवंत मेहेंदळे, पेशव्यांचे सरदार. मी म्हणालो, "दोन्ही होते." देऊळ शेवटी एका हारवाल्याने दाखवलं. तो पुण्याचा नसावा, पत्ता बरोबर निघाला.

मग चतुःशृंगी. सेनापती बापट रस्त्यावर जत्रा नुसती फुलली होती. पाळणे, बांगड्या, पिपाण्या आणि डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. चपला सांभाळायला एका बाईंनी पैसे मागितले. तिघांनी मुकाट्याने दिले. मी दिले नाहीत. आपल्याच गावात, आपल्याच देवीला जाताना चपलांचं भाडं? मी माझी जोडी एका झाडामागे खोचली.

रांगेत सावंतवाडीकरणीने देवीची कथा वाचून दाखवली. दुर्लभशेठ नावाचे एक सावकार दर वर्षी वणीच्या सप्तशृंगीला जायचे. म्हातारपणी जाववेना, तेव्हा देवीच त्यांच्यासाठी इथल्या डोंगरावर आली, अशी श्रद्धा आहे. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. देवी वणीहून पुण्याला आली. मला सदाशिव पेठेतून इथवर यायला एकोणीस वर्षं लागली.

खाली आलो तर झाड होतं, चपला नव्हत्या.

तिघं माझ्या पायांकडे बघत होते. 'हरवल्या' म्हटलं असतं तर त्या भाडं घेणाऱ्या बाई हसल्या असत्या. तोंडातून निघून गेलं, "हरवल्या नाहीत, सोडल्या. नवरात्रात मी अनवाणी असतो."

"सकाळपासून तर घातल्या होत्यास!"

"दर्शनानंतर सुरू होतं आमच्यात."

शिवाजीनगरहून स्वारगेटला मेट्रोने गेलो. जमिनीखालच्या स्टेशनची फरशी काय गार! दिवसभरातलं तेवढंच सुख. पुढे पर्वती. पायऱ्या किती, तर मी 'शंभर' सांगितल्या. चंद्रपूरकराने मोठ्याने मोजत १०३ काढल्या आणि वरच्या तीन माझ्या नावावर लिहिल्या. दगड दुपारभर तापलेले. मी पाय असे उचलत होतो, की मागून येणाऱ्या एक काकू थांबल्याच. "नऊ दिवस अनवाणी का रे बाळा? हल्लीची मुलं कुठे करतात एवढं!" मी डोळे मिटून मान हलवली. चटक्याने ते मिटलेलेच होते.

वर देवदेवेश्वराचं देऊळ, नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं. इथूनच दुसऱ्या बाजीरावाने ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई पाहिली. लढाई खडकीत, पेशवे पर्वतीवर. अंतर राखून सगळं बघायची रीत पुण्यात जुनीच आहे, हे वाचून मला केवढा धीर आला! खाली सारसबागेची झाडं दिसत होती. एके काळी तिथे तळं होतं, म्हणून तो तळ्यातला गणपती. हेही मला लातूरकरणीनेच सांगितलं. मी "हो ना" म्हणालो.

"तुझं घर खंय?" सावंतवाडीकरणीने विचारलं. मी हात लांब करून दाखवलं. शेजारी बसलेले आजोबा खाकरले. "तो सिंहगड रोड. सदाशिव पेठ तुमच्या पाठीमागे."

रात्री दारात आईने पाय पाहिले. खरं सांगणार, एवढ्यात तिच्या मागून आजी आली. दिवसभर तेच बोलून जीभ इतकी सरावली होती की तीच उत्तर देऊन मोकळी झाली. आजीचे डोळे भरून आले. तिने माझ्यादेखत तीन आत्यांना फोन लावले.

दसरा शनिवारी आहे. आज सोमवार. कॉलेजात दुपारी प्रॅक्टिकल आहे, आणि मधल्या रस्त्यावर आजच नवं डांबर टाकलंय.